कवीची चित्रे कशी पाहावीत?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच माणसाभोवती फिरणारी निघाली, म्हणून इतर विषयांवरील पत्रे पुढील अंकासाठी राखून ठेवली आहेत. गुलाममोहम्मद शेख हे नाव बडोद्याला नवे नाही. मात्र गंमत अशी, की इथल्या मराठी घरांत ते चित्रकार म्हणून माहीत असतात आणि गुजराती साहित्य वाचणाऱ्या घरांत कवी म्हणून. या दोन घरांमध्ये पुष्कळदा भिंतही एकच असते, तरी एकीकडची ओळख दुसरीकडे सहसा पोचत नाही. ‘घेर जतां’, म्हणजे घरी जाताना, या त्यांच्या आत्मकथनपर निबंधांच्या पुस्तकाला २०२२ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि तेव्हापासून ही परिस्थिती थोडी बदलली असावी, असे या पत्रांवरून वाटते.

प्रश्न : माझी मुलगी गुजराती साहित्य घेऊन एम. ए. करत आहे. तिच्यामुळे मी ‘घेर जतां’ वाचले आणि फार आवडले. नंतर एका कलाविषयक पुस्तकात शेख यांच्या ‘दीर्घ अनुपस्थितीनंतर घरी परतताना’ अशा आशयाच्या नावाच्या चित्राचे छायाचित्र पाहिले. आता माझी अडचण अशी, की चित्र पाहताना पुस्तकच आठवत राहते आणि चित्र चित्र म्हणून पाहता येत नाही. ही चित्रे पुस्तकातील मजकुराची सजावट समजावीत की एका मोठ्या लेखकाचा छंद? (एक वाचक, दांडिया बाजार)

उत्तर : आपल्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. त्यांतला छंदाचा प्रश्न आधी निकालात काढू, कारण तो नुसत्या सनावळीनेही निकालात निघतो. शेख यांचा जन्म १९३७ सालचा, सौराष्ट्रातील सुरेंद्रनगरचा. १९५५ साली ते महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललितकला विद्याशाखेत, आपण सारे जिला नुसते ‘फाइन आर्ट्स’ म्हणतो तिथे, शिकायला आले, पुढे तिथेच कलेतिहास शिकवू लागले, १९६३ ते १९६६ या काळात लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकले, आणि परत आल्यावर आधी कलेतिहास व १९८२ ते १९९३ या काळात चित्रकला शिकवत राहिले. त्यांना १९८३ साली पद्मश्री आणि २०१४ साली पद्मभूषण मिळाले. रविवारी दुपारी रंगपेटी काढून बसणाऱ्या माणसाचे हे चरित्र नव्हे. कालक्रमच लावायचा झाला, तर कविता त्यांच्याकडे शाळकरी वयातच आली होती, आणि १९७४ साली ‘अथवा’ हा संग्रह निघाला तेव्हा गुजरातीत गद्यकविता रुजवणाऱ्या, सुरेश जोशींच्या ‘क्षितिज’ मासिकाभोवती जमलेल्या तरुणांत त्यांचे नाव आधीपासून घेतले जात होते. तेव्हा कोणती कला आधीची आणि कोणती नंतरची, हा हिशेब त्यांच्या बाबतीत लागत नाही आणि लावण्यात फारसा अर्थही नाही.

सजावटीचा प्रश्न अधिक रसाचा आहे. आपण ज्या चित्राचा उल्लेख करता ते १९६९ ते १९७३ या काळात रंगवलेले आहे. निबंधांचे पुस्तक त्यानंतर चार दशकांहून अधिक काळाने आले. म्हणजे पुस्तकाची सजावट म्हणून हे चित्र काढले गेले, असे म्हणायला सोयच उरत नाही. तरीही दोहोंचा विषय एक आहे, हे आपले म्हणणे बरोबर आहे. मग एकाच माणसाने एकाच घराकडे दोन वाटांनी जाण्याचे कारण काय, असा प्रश्न विचारला तर दोन्ही कृती एकदम उलगडू लागतात.

चित्र पुन्हा एकदा समोर घेऊन पाहावे. खाली, अगदी आपल्या जवळ, चित्रकाराची आई आहे, छायाचित्रात बसावी तशी. तिच्या मागे गल्लीतील घरे आणि मशीद आहे. आणि वर, ज्या आकाशात आपण फार तर पतंगाची अपेक्षा करू, त्या आकाशात फारसी लघुचित्रांतून उतरलेले देवदूत आहेत. फोटोसारखी आई, आठवणीतली घरे आणि पोथीतले देवदूत ही तीन वेगवेगळ्या जातींची चित्रे एका कॅनव्हासवर शेजारी शेजारी नांदतात आणि त्यांना सांधण्यासाठी चित्रकाराने कसलाही खुलासा केलेला नाही. आता हेच गद्यात करून पाहावे. निबंधात आधी आई आली तर घर नंतर येणार, घर आधी आले तर आई वाट पाहत उभी राहणार. आणि देवदूत आणायचे झाले, तर ते कुठून आले, मदरशात ऐकलेल्या गोष्टीतून की पुढे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये पाहिलेल्या लघुचित्रांतून, हे सांगावेच लागणार. गद्याला क्रम चुकवता येत नाही. चित्राला क्रम नसतो, असे नाही, पण तो पाहणाऱ्याच्या हाती असतो. शेख यांनी हे चित्र रंगवले कारण त्यांना सारे एकदम हवे होते. आणि निबंध लिहिले कारण एकदम दाखवल्याने काही गोष्टी सुटून जातात. एकीकडे मदरशात कुराण आणि दुसरीकडे शाळेत संस्कृत शिकणाऱ्या मुलाच्या डोक्यात त्या दोन्ही भाषांचे आवाज कसे मिसळत असतील, गल्लीत कोण कोणाशी कोणत्या बोलीत बोलत असेल, हे रंगाने सांगता येत नाही. त्यासाठी वाक्यच लागते.

या एकदम दाखवण्याच्या हव्यासाचे मूळ कुठे आहे, तेही सांगण्यासारखे आहे. लंडनच्या वास्तव्यात शेख इटलीत हिंडले आणि सिएना शहरात अंब्रोजो लोरेन्झेत्ती याने १३३८-३९ च्या सुमारास रंगवलेली भित्तिचित्रे त्यांच्या मनात घर करून बसली. चांगला कारभार असलेल्या शहराचे ते चित्र आहे, आणि त्यात व्यापार, नाच, बांधकाम, शिकवणी हे सारे एकाच भिंतीवर एकाच वेळी चालू असते. मोगल आणि फारसी लघुचित्रांतही हेच घडते. दृश्य थोडे वरून पाहिलेले असते, त्यामुळे मागचे पुढच्याने झाकले जात नाही आणि अंगणातले, गच्चीवरचे व वेशीबाहेरचे प्रसंग सारख्याच स्पष्टपणे दिसतात. एका बिंदूकडे धावणाऱ्या युरोपीय यथार्थदर्शनाने (पर्स्पेक्टिव्हने) ही सोय गमावली होती. भारतात राहणे म्हणजे एकाच वेळी अनेक काळांत आणि अनेक संस्कृतींत राहणे, अशा आशयाचे शेख यांनी १९८१ सालच्या ‘प्लेस फॉर पीपल’ या प्रदर्शनाच्या निमित्ताने लिहिले होते. तो विचार त्यांनी वाक्यात मांडला खरा, पण त्याची पद्धत त्यांना या भिंतीने आणि त्या लघुचित्रांनीच दिली.

आपल्या शहरातल्या वाचकाने तर ‘सिटी फॉर सेल’ हे १९८१ ते १९८४ या काळातले त्यांचे चित्र छायाचित्रातून का होईना, पाहायलाच हवे, कारण त्यातले शहर हे आपलेच शहर आहे. दंगलीच्या काळातले बडोदे त्यात आहे. चित्राच्या मध्यभागी तीन माणसे एकमेकांच्या विस्तवावर सिगारेट पेटवत आहेत, आणि एकीकडे थिएटरात ‘सिलसिला’ लागला आहे. जाळपोळीच्या शहरात तीन माणसे काडी लावायला इतकी जवळ आली आहेत, हे चित्र पाहताना प्रथम सलोख्याचे वाटते आणि मग त्याच ठिणगीकडे दुसऱ्या अर्थाने पाहावेसे वाटते. शहर पेटलेले असताना पडद्यावर प्रेमकथा चालू असणे हा काही कवीने रचलेला विरोधाभास नव्हे. दंगलीच्या दिवसांत शहरात असेच असते, एका वाडीत संचारबंदी आणि दुसऱ्या टोकाला मॅटिनी. इथे लेखक आणि चित्रकार वेगळे काढता येत नाहीत, हे मी मान्य करतो. पण आपण ‘कवीने काढलेले चित्र’ म्हणून ते पाहू लागलात, तर ती तीन माणसे लगेच प्रतीके होतील आणि त्यांच्या चेहऱ्यांवरचा उजेड पाहायचा राहून जाईल.

आता या माझ्याच मांडणीला छेद देणारी एक गोष्ट. चित्राला क्रम नसतो, असे मी वर जवळजवळ म्हणूनच टाकले. शेख यांनी मात्र पुढे क्रम असलेले चित्र करून दाखवले. राजस्थानात चित्तोडगडजवळच्या बस्सी गावचे सुतार ‘कावड’ नावाचे लाकडी देव्हारे करतात. त्याला अनेक दारे असतात, प्रत्येक दारावर चित्रे असतात, आणि कथा सांगणारा कावडिया भाट एकेक दार उघडत कथा पुढे नेतो. शेवटी आतला देव दिसतो. शेख यांनी हा घाट उचलला, आधी लहान कावडी केल्या आणि २००८ साली माणसाला आत शिरता येईल एवढी मोठी कावड उभी केली. तिच्या नावातही पुन्हा ‘घर’ आहे. दार उघडेपर्यंत पुढचे दिसत नाही, म्हणजे इथे पानामागून पान येते. पण पुस्तकाचे पान उलटले की मागचे झाकले जाते, कावडीचे दार उघडले तरी मागचे दार डोळ्यांच्या कोपऱ्यात उभेच राहते. आतमध्ये एकाच देवाची मूर्ती नसून कबीर आहे, आणखीही संत आणि फकीर आहेत. निबंध लिहिणाऱ्या माणसाला चित्रातून जे मिळत नव्हते आणि चित्र काढणाऱ्या माणसाला निबंधातून जे मिळत नव्हते, त्या दोहोंच्या मधली ही जागा असावी, असे मला वाटते. त्यांच्या साऱ्या कामात मला स्वतःला ही कावड सर्वांत श्रेष्ठ वाटते. कलासमीक्षक ‘सिटी फॉर सेल’चे नाव आधी घेतील, याची मला कल्पना आहे.

तेव्हा आपल्या अडचणीवर उपाय असा, की चित्र पाहताना पुस्तक आठवले तर आठवू द्यावे, पण पुस्तकातले काय चित्रात नाही आणि चित्रातले काय पुस्तकात नाही, याकडे लक्ष ठेवावे. आणि एक विनंती. ‘चित्रकाराची नजर असलेला कवी’ हा शब्दप्रयोग आपल्या कन्येने आपल्या टिपणात वापरू नये. पुस्तक परीक्षणांत तो इतका फिरतो, की त्यातून आता काहीच कळत नाही. ‘अथवा’मधील जेसलमेरवरच्या कविता रंगांमुळे चांगल्या आहेत, असे म्हणणे म्हणजे त्यांतील वाक्यांच्या लयीकडे पाठ फिरवणे आहे.

प्रश्न : लेखक म्हणून नाव झाले की त्याची चित्रेही लोक डोक्यावर घेतात, ही वशिलेबाजीच नव्हे काय? रवींद्रनाथांचे नाव रवींद्रनाथ नसते, तर त्यांच्या चित्रांकडे कोणी ढुंकून पाहिले असते का? (निवृत्त अभियंता, मांजलपूर)

उत्तर : सुरुवातीला पाहिले नसते, हे आपले म्हणणे मी विनातक्रार मान्य करतो. मे १९३० मध्ये पॅरिसच्या गॅलरी पिगालमध्ये रवींद्रनाथांचे पहिले प्रदर्शन भरले, ते अर्जेंटिनाच्या लेखिका व्हिक्टोरिया ओकाम्पो यांच्या खटपटीमुळे. आणि त्याच वर्षी लंडन, बर्लिन, मॉस्को, न्यू यॉर्क अशा शहरांत ती चित्रे गेली. साठीच्या पुढचा, कलाशाळेत न शिकलेला, नोबेल न मिळालेला कोणी गृहस्थ असा दौरा करू शकला नसता. प्रसिद्धीने दार उघडले जाते, यात वाद नाही. दार उघडल्यावर आत काय सापडते, हा मात्र प्रसिद्धीच्या हातातला प्रश्न राहत नाही.

रवींद्रनाथांची चित्रे कशी सुरू झाली, ते आपल्यासारख्या अभियंत्याला विशेष आवडेल. १९२४ साली अर्जेंटिनात ‘पूरबी’तील कविता लिहिताना खोडलेल्या ओळी त्यांना पानावर नुसत्या पडून राहिलेल्या पाहवेनात. म्हणून ते दोन खोडलेल्या शब्दांना रेघेने जोडत, मध्ये उरलेली जागा शाईने भरत, आणि त्या खाडाखोडीतून चोच, पाठ, शेपूट असलेला एखादा अनोळखी प्राणी पानावर उभा राही. हस्तलिखिताची ती पाने छापलेली मिळतात. एकदा जरूर पाहावीत. कवितेच्या ओळी अजून वाचता येतात आणि त्यांच्यामधून तो प्राणी वळत गेलेला असतो. पुढे त्यांनी दोन हजारांहून अधिक चित्रे काढली आणि त्यांना नावे देण्याचे टाळले. आयुष्यभर शब्दांवर जगलेल्या माणसाने आपल्या चित्रांना एक शब्दही देऊ नये, हा त्या चित्रांविषयीचा मला सर्वांत महत्त्वाचा पुरावा वाटतो. लेखनाच्या पुण्याईवर चित्रे खपवायची असती, तर त्या चित्रांखाली चार ओळी लिहून देणे त्यांना किती सोपे होते! चित्रांचे पुढे जे व्हायचे ते त्या नावाशिवायच्या काळ्या-तपकिरी चेहऱ्यांच्या जोरावर झाले, आणि आज भारतीय आधुनिक चित्रकलेचा इतिहास लिहिताना त्यांना वगळता येत नाही.

उलट बाजूचे उदाहरण जर्मन कादंबरीकार ग्युंटर ग्रास यांचे. कादंबरी लिहिण्यापूर्वी ते ड्युसेलडॉर्फला दगड घडवण्याचे काम आणि नंतर शिल्पकला शिकले, स्वतःच्या पुस्तकांची मुखपृष्ठे स्वतः करत राहिले, आणि १९८६-८७ मध्ये कोलकात्यात राहून त्यांनी त्या शहरावर जे पुस्तक केले त्यात मजकूर आणि रेखाटने दोन्ही आहेत. त्या पुस्तकातले ग्रास यांचे गद्य कोलकात्यातील पुष्कळांना झोंबले आणि रेखाटने मात्र अनेकांना पटली. म्हणजे एकाच पुस्तकात लेखक पडला आणि चित्रकार तरला, असेही होऊ शकते. शेख यांच्या बाबतीत आपला आक्षेप मुळातच लागू पडत नाही, कारण त्यांची चित्रे ज्यांनी विकत घेतली आणि ज्या संग्रहालयांनी लावली, त्यांतल्या बहुतेकांना गुजराती वाचताच येत नाही.

प्रश्न : बडोद्यातच अशी माणसे का निघतात? आणि या साऱ्यात आपल्या मराठी लोकांचा काही वाटा आहे की नाही? (एक वाचक, प्रतापनगर)

उत्तर : वाटा आहे, आणि तो सयाजीरावांच्या नावावर सारे ढकलून मोकळे होण्याइतका सोपा नाही. सयाजीरावांनी काढलेली कला आणि उद्योग शिकवणारी संस्था कलाभवन १८९० ची. दादासाहेब फाळके तिथले विद्यार्थी. कीर्तिमंदिराच्या भिंतींवर नंदलाल बोस यांनी रंगवलेली चित्रे आहेत, राजवाड्यात रविवर्मा आहे. ही पूर्वपीठिका खरी, पण राजाश्रयामुळे चित्रे जमतात, चित्रकार-लेखक त्यामुळे घडत नाही.

घडवणारी गोष्ट १९५० साली सुरू झालेली ललितकला विद्याशाखा. हंसा मेहता तेव्हा विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या आणि मार्कंड भट्ट पहिले अधिष्ठाता. चित्रकला विभाग उभा केला तो इंदूरला जन्मलेल्या आणि तिथे देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली तयार झालेल्या ना. श्री. बेंद्रे यांनी; १९६६ पर्यंत ते इथे होते. आपल्या वाट्याचा हा पहिला भाग. या विद्याशाखेने एक गोष्ट वेगळी केली, ती म्हणजे चित्र काढणाऱ्या प्रत्येकाला कलेचा इतिहास शिकणे आणि त्यावर लिहिणे भाग पाडले. मुंबईच्या जे. जे. मध्ये हात तयार होत होता. इथे हाताबरोबर विद्यार्थ्याला आपण काय करतो आहोत हे वाक्यांत सांगावे लागत होते. पुन्हा ती विद्यापीठातली विद्याशाखा असल्यामुळे साहित्याचे प्राध्यापक चालत जाण्याच्या अंतरावर होते. सुरेश जोशी याच विद्यापीठात शिकवत. के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखे शिक्षक भित्तिचित्रे करता करता फाइन आर्ट्सच्या जत्रेसाठी खेळणी बनवत, मुलांसाठी गोष्टी लिहीत आणि त्यांना चित्रेही स्वतःच काढत. असा शिक्षक रोज समोर असताना ‘मी चित्रकार, लिहिणे माझे काम नव्हे’ असे म्हणायला विद्यार्थ्याला तोंड राहत नाही.

शेख आणि चित्रकार भूपेन खख्खर यांनी १९६९ ते १९७३ या काळात ‘वृश्चिक’ नावाचे छोटेखानी इंग्रजी नियतकालिक इथूनच काढले. त्यात चित्रांबरोबर कविता होत्या, संतकवितेच्या भाषांतरांना जागा होती, आणि ललित कला अकादमीच्या कारभारावर नावाला शोभेल असा डंखही होता. खख्खर हे तर व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट. १९६२ साली मुंबईहून बडोद्याला आले आणि २००३ साली इथेच वारले. त्यांच्या गुजराती कथा आणि ‘मौजिला मणिलाल’ हे नाटक वाचले, की चित्रांतला घड्याळ दुरुस्त करणारा, केस कापणारा साधा माणूस इथे बोलू लागला आहे, असे वाटते.

आपल्या वाट्याचा दुसरा भाग मासिकाचा आहे आणि तो बडोदेकरांनीच विसरावा, हे फार वाईट आहे. १९४३ साली पुरुषोत्तम आत्माराम चित्रे यांनी याच शहरातून ‘अभिरुची’ हे मराठी मासिक सुरू केले. मर्ढेकरांची नवी कविता त्यातून आली, पु. ल. देशपांडे यांचे ‘अण्णा वडगावकर’ हे व्यक्तिचित्रही त्यातलेच. चित्र्यांचे चिरंजीव दिलीप यांचा जन्म १९३८ साली इथला. १९५१ साली कुटुंब मुंबईला गेले. दिलीप चित्रे पुढे कवी झाले, तुकोबांना त्यांनी इंग्रजीत नेले, ‘गोदाम’ हा चित्रपट केला आणि चित्रेही काढली. १९९४ साली त्यांना साहित्य अकादमीचा कवितेचा आणि भाषांतराचा असे दोन्ही पुरस्कार मिळाले. १९५४ साली त्यांच्यासोबत ‘शब्द’ हे अनियतकालिक काढणारे अरुण कोलटकर जे. जे. मध्ये शिकलेले, पोटासाठी जाहिरातींची कलादिग्दर्शनाची कामे करणारे. शेख यांच्या आणि या दोघांच्या वयांत फार अंतर नाही, संतकवितेचे वेडही तिघांना सारखे. शेख यांच्या चित्रांत कबीर जितका हक्काने येतो, तितक्याच हक्काने चित्र्यांकडे तुकाराम येतो. या समांतर रेषांवर कोणी तरुण अभ्यासकाने बडोद्यात बसून काम करायला हवे. विद्यापीठात मराठीचा विभाग आहे आणि फाइन आर्ट्सही आहे.

मर्ढेकरांचे नाव आलेच आहे, तर एक मतभेद नोंदवून ठेवतो. संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तत्त्वे सर्व कलांना सारखीच लागू पडतात, असे त्यांनी मांडले. आपल्याकडे दोन कला सांभाळणाऱ्या माणसाचे कौतुक करताना हीच मांडणी नकळत वापरली जाते, जणू त्याच्याजवळ एकच सौंदर्य आहे आणि ते तो कधी शब्दांत ओततो, कधी रंगांत. शेख यांचे काम पाहता मला ते पटत नाही. त्यांच्याकडे दोन माध्यमांनी घातलेल्या दोन वेगळ्या अटी आहेत आणि त्या दोन्ही पाळण्याची चिकाटी आहे.

प्रश्न : शेख यांची चित्रे प्रत्यक्ष कुठे पाहायला मिळतील? (एक वाचक, वाडी)

उत्तर : ‘सिटी फॉर सेल’ लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडे आहे. आपल्याला सोयीचे म्हणजे भोपाळ. चार्ल्स कोरिया यांनी बांधलेल्या विधानभवनात शेख यांचे जीवनवृक्षाचे भव्य भित्तिचित्र आहे, १९९६ सालचे. सरकारी इमारत असल्याने आत जाण्याची परवानगी आधी विचारून घ्यावी. १९९७ साली त्यांनी संपादित केलेले बडोद्याच्या समकालीन कलेवरचे इंग्रजी पुस्तक मिळाले तर तेही चाळावे. चित्रांची छायाचित्रे त्यात आहेत.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. कविता लिहितो आणि चित्रेही काढतो. घरात सासूबाईंपासून शिकवणीच्या सरांपर्यंत सगळे म्हणतात, ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’. त्याने दोहोंपैकी काय सोडावे? (एक आई, रावपुरा)

उत्तर : ताई, सासूबाईंचा रोष चित्रकवितेवर नसून पोटापाण्याच्या काळजीपोटी असावा, आणि ती काळजी खोटी नाही. वर ज्यांची नावे आली त्यांच्यापैकी बहुतेकांनी पोटासाठी तिसरेच काही केले. शेख यांनी शिकवले, खख्खर यांनी हिशेब तपासले, कोलटकरांनी जाहिराती केल्या, आणि मुंबईचे गिव्ह पटेल कविता, नाटके व चित्रे सांभाळून दवाखाना चालवत. तेव्हा कविता की चित्र, हा निर्णय अकरावीत घेण्याचा नाहीच. चरितार्थाचे काय, एवढेच हळूहळू ठरवावे लागेल, आणि तेही त्याच्याशी बोलून.

एक मात्र पाहावे. आपल्याच कवितेला आपलेच चित्र जोडून भिंतीवर लावण्याची या वयात फार हौस असते आणि पाहुणेही त्याचेच कौतुक करतात. त्यात दोन्ही बाजूंनी अर्धवटपणाला आसरा मिळतो. कविता जिथे लंगडते तिथे चित्र तिला हात देते आणि चित्र फसले तिथे कविता सावरून घेते. काही काळ तरी त्याने दोन्ही वेगवेगळे, वेगवेगळ्या माणसांना दाखवावे. कविता दाखवायला भाषेचा चांगला शिक्षक गाठावा, चित्रासाठी चित्रकलेचा. कमाटी बागेतल्या म्युझियममध्ये त्याला सुट्टीत जाऊ द्यावे आणि तिथली लघुचित्रे घाई न करता पाहू द्यावीत; एका चित्रात किती प्रसंग चालू आहेत, ते मोजायला सांगितले तरी पुरे. फाइन आर्ट्सला जायचे झाले, तर पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे आणि प्रवेशासाठी चित्रकलेची चाचणी द्यावी लागते. त्या वर्षीच्या तारखा आणि नियम विद्याशाखेच्या कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन विचारावेत, शिकवणीच्या सरांकडून नव्हे.